पान दोनशे चौदा

लेअर गावच्या बाजारात हिल्के आयकेनचं नाव काढलं की जुन्या खाटकांना अजून घाम फुटतो. एकतीस वर्षं ती वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी खात्यात होती. सख्ख्या मेहुण्याच्या चीजच्या दुकानातला काटा चार ग्रॅमने खोटा निघाला, तेव्हा बाईने त्यालाही सील ठोकलं आणि संध्याकाळी त्याच्याच घरी वाढदिवसाला गेली. तिच्याशी कुणी धड बोललं नाही. तिने केक मात्र दोनदा मागून घेतला.

अशा बाईने खेळ निवडला तोही तिच्याच मापाचा. ‘लाटा आणि लोखंड’ त्याचं नाव. तीन खंड, अकराशे बारा पानं. टेबलाभोवती बसून खेळायचा. प्रत्येकाने एकेक माणूस घ्यायचा, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि पुढे काय झालं ते हिल्केने सांगायचं. तिच्या मनाला येईल ते मात्र नाही. फासे आणि पुस्तक म्हणतील ते. घोड्याला चारा किती लागतो, धुक्यात धनुष्याची दोरी किती सैल पडते, सगळ्याला नियम होता. एक नवा माणूस कागदावर उभा करायलाच तीन तास जायचे. हिल्केचा नवरा बिचारा जिवंत होता तोवर म्हणायचा, “तुम्ही खेळता की सरकारी अर्ज भरता?”

दर रविवारी दुपारी तीनला तिच्या घरी चहा मांडला जायचा. पेल्यात आधी खडीसाखर, मग चहा, मग कडेने सोडलेली साय, आणि ढवळायचं नाही. तीन पेले झाल्याशिवाय फाशांना हात लावायचा नाही. आणखी एक रीत या टेबलाची स्वतःची होती. हिल्केने कुठलाही निवाडा दिला की समोरच्याला एकच शब्द विचारायचा हक्क होता: “पान?” मग हिल्के पानाचा आकडा सांगायची, आणि ते पान उघडून तळटिपांसकट मोठ्याने वाचायचं. सव्वीस वर्षांत तिचा आकडा एकदाही चुकला नव्हता. या गोष्टीचा तिला केवढा ताठा होता म्हणून सांगू!

त्या रविवारी मात्र तिनेच चहात चमचा फिरवला. खेळ संपल्यावर मतदान होतं. शाळेत शिकवणारा त्यार्क दुसऱ्या खेळाचं एक पातळ पुस्तक घेऊन आला होता. बारा पानांचं; नियम थोडे, बाकी सगळं पंचाच्या मनावर. त्याचा आग्रह होता की यापुढे यावर खेळायचं. नर्स इम्के त्याच्या बाजूची होती. पंधरा वर्षांपूर्वी तिची खेळातली धनगरीण जाड पुस्तकातल्या एका तळटिपेपायी बुडून मेली होती, आणि ते दुःख तिने जपून ठेवलं होतं. फोकर्ट्स बंधू जाड पुस्तकाचे. पंच म्हणून हिल्केला मत नव्हतं. राहिला एकटा हाब्बो.

हाब्बो म्हणजे नदीचा गाळ काढणाऱ्या बोटीवरचा जुना माणूस, एकाहत्तर वर्षांचा. त्याने दारातच सांगून टाकलं होतं.

“हिल्के, रागावू नकोस. पण मी त्यार्कलाच मत देणार. डोळे गेले गं माझे. तुझ्या त्या तळटिपा मला मुंग्यांसारख्या दिसतात.”

“भिंग घे की.”

“घेतलंय. आता मोठ्या मुंग्या दिसतात.”

ती हसली, पण आतून तुटली. सव्वीस वर्षांचं टेबल बारा पानांत मावणार होतं.

खेळ सुरू झाला. हाब्बोचा माणूस रेमर, मिठाचा व्यापारी. गेली बावीस वर्षं तो जिवंत होता. टेबलावरचं दुसरं कुणीच इतकं टिकलं नव्हतं. हाब्बोची बायको गेली त्या आठवड्यातही तो आला होता आणि दुपारभर रेमरच्या तोंडूनच बोलला होता. पाचच्या सुमाराला रेमर बर्फाळ नदीवरच्या फळीवरून घसरला आणि चिलखतासकट पाण्यात पडला.

कुणी पेल्याला हात लावेना.

“पोहता येणाऱ्याचे शंभरात सत्तर,” हिल्के म्हणाली. “अंगावरचं ओझं एकोणीस किलो, ते वजा. गार पाण्याचे दहा वजा. एक्केचाळीस. तेवढे किंवा त्याहून कमी पडले तर वर येशील.”

हाब्बोने फासे टाकले. अडतीस.

त्यार्क खुर्चीवरून उठून ओरडला. फोकर्ट्स बंधूंनी, जे लग्नातही बोलत नाहीत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. इम्के हसत होती, पण तिची नजर टेबलावरच खिळली होती. हिल्केने सुटकेचा निःश्वास टाकला आणि साय पुढे सरकवली.

हाब्बो हसला नाही. तो रेमरचा कागद भिंगाखाली धरून बसला होता.

“पान?” तो म्हणाला.

“अरे, वाचलास ना बाबा!” त्यार्क म्हणाला. “आता पान कशाला?”

“मी तिला विचारलं.”

आपल्याच फायद्याच्या निवाड्यावर आजवर कुणीही पान विचारलं नव्हतं. हिल्केने जीभ चावली. तिला एकदम सगळं आठवलं. आधी ती विसरली होती की तिच्या मनाने तिला विसरू दिलं होतं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

“दुसरा खंड,” ती हळूच म्हणाली. “दोनशे चौदा.”

तिने पान उघडलं आणि वाचलं. ओझ्याचा नियम, थंडीचा नियम, आणि खाली बारीक अक्षरातली टीप: लोकरीचं कापड पाण्यात तिप्पट जड धरावं.

“रेमरच्या अंगावर लोकरीचा झगा आहे,” हाब्बो म्हणाला. “तीन किलोचा. मीच लिहिलाय. भिजून नऊ झाला. सहा वाढले. एक्केचाळीस नाही हिल्के, पस्तीस.”

“मला ठाऊक होतं,” इम्के एकदम रडवेली होऊन म्हणाली. “माझी धनगरीण याच टिपेत गेली. मी मुद्दाम गप्प बसले. हाब्बो, तूही बसायचं होतंस रे!”

“बसलो असतो,” हाब्बो म्हणाला. “पण मग बावीस वर्षं तो जगला, ते तरी कशावरून खरं?”

हिल्केच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. चुकीची लाज होतीच. पण त्या लाजेपेक्षाही मोठा अभिमान तिच्या छातीत दाटून आला. आयुष्यभर तिने लोकांचे काटे तपासले, आणि एकाही दुकानदाराने आपणहून, नुकसान पत्करून, माझा काटा खोटा आहे म्हणून सांगितलं नव्हतं. तिच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं.

“चूक माझी,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “पस्तीस हवे होते. अडतीस पडले. रेमर बुडाला.”

सगळे उठून उभे राहिले. हाब्बोने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. शेवटी त्यार्कनेच विचारलं.

“मतदान पुढच्या रविवारी घेऊ या का?”

“कशाला? आत्ताच घे,” हाब्बो म्हणाला. “माझं मत जाड पुस्तकाला.”

“अरे पण त्या पुस्तकाने तुझा रेमर घेतला!”

“नदीने घेतला,” हाब्बो म्हणाला. “तुझ्या पातळ पुस्तकात आज काय झालं असतं सांगू? हिल्केकडे बघावं लागलं असतं. तिने मारलं असतं, नाहीतर दया करून सोडलं असतं. मग दर रविवारी मी तिचा चहा कोणत्या तोंडाने प्यायलो असतो?”

इम्के डोळे पुसत म्हणाली, “माझंही जाडच लिहा. माझी धनगरीण आता एकटी नाही तिथे.”

हिल्केने कोरा कागद काढून हाब्बोपुढे ठेवला. तीन तासांचं काम होतं, आणि कुणालाही घरी जायची घाई दिसत नव्हती. हाब्बोने भिंग डोळ्याला लावलं.

“कोळी करतो या खेपेला,” तो म्हणाला. “कपडे सुती. सुती कापड भिजलं की कितीपट?”

उत्तर हिल्केला तोंडपाठ होतं. तरीही तिने पुस्तक उघडून मधोमध ठेवलं आणि सगळ्यांना दिसेल असं वळवलं.

“तूच वाच,” ती म्हणाली. “आजपासून माझंही तपासत जा.”