अंबूताईंचं पहिलं ताट

ज्या बाईंच्या हातचं मी तीन वर्षं जेवलो, त्यांना चव कळत नव्हती.

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. काल त्यांच्या नातीला फोन करून विचारलं, लिहू का? ती म्हणाली, "लिहा ना काका. अब क्या छुपाना!"

म्हणून आज, अंबूताईंच्या पुण्यतिथीला.

मध्य भारत हे वेगळं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. ऊन तापलं की फायलींच्या पेट्या आणि त्यांच्यामागून क्लार्क मंडळी इंदुरात उतरायची.

मी धारहून आलेलो, अठरा वर्षांचा. एका वर्तमानपत्रात प्रूफं वाचायचो. जेवायला राजवाड्यामागच्या गल्लीत अंबूताईंची खानावळ. एरवी आठ ताटं. राजधानी आली की वीस.

त्या वर्षी एका शब्दाची साथ आली होती. फर्स्टक्लास.

हवा फर्स्टक्लास. साहेब फर्स्टक्लास. आमच्यातला एक जण सायकलवरून पडला, तर म्हणाला, "फर्स्टक्लास पडलो भिया!"

सचिवालयातले जोगळेकर तर घास तोंडात जायच्या आधीच म्हणून टाकायचे.

अंबूताई चिडायच्या. "अहो, फर्स्टक्लास आगगाडीचा डबा असतो. आमटी कशी झालीय ते सांगा."

"एकदम फर्स्टक्लास, ताई!"

सगळे हसायचे. मीही. आम्हाला वाटायचं, जुन्या वळणाच्या बाई आहेत, नवी बोली सोसत नाही.

मग एक दिवस आमटी खारट झाली. घशाखाली उतरेना इतकी.

वीस माणसं तांब्यावर तांबे पाणी प्यायली, "फर्स्टक्लास" म्हणाली आणि उठली.

दुसऱ्या दिवशी सोळाच आली. भाजी खारट. "फर्स्टक्लास."

आठवडा संपेपर्यंत नऊ राहिलो.

त्या दिवशी मी शेवटचा जेवत होतो. अंबूताई उरलेल्या आमटीच्या पातेल्याकडे बघत बसल्या होत्या.

"तू सांग रे. कशी झालीय?"

"फर्स्ट..."

त्यांनी पळी खाली ठेवली. माझ्या ताटात भात कोरडाच.

"हे गेले. आता मला ही खानावळ तेवढी आहे. सगळे चांगलं म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. खरं सांग, नाहीतर ऊठ."

"खारट आहे, ताई. आठवडाभर सगळं खारटच आहे."

त्या रागावल्या नाहीत. दार लोटून आल्या आणि हळू आवाजात सांगितलं.

मुदतीच्या तापात त्यांची चव गेली, वासही गेला. यजमान होते तोवर पहिलं ताट त्यांचं. एक घास खाऊन ते बोट वर करायचे, म्हणजे मीठ हवं. खाली केलं, म्हणजे जास्त झालंय. ते त्याच हिवाळ्यात गेले होते. आठ ताटांचं माप ताईंच्या हाताला पाठ होतं. वीस ताटांचं चुकत होतं.

"आणि इतकी वर्षं कुणाला कळलं नाही?"

"कसं कळणार? नैवेद्य दाखवायच्या आधी कोण चाखून बघतं? लोक म्हणतात, बाई सोवळ्यातली आहे." मग जरा हसल्या. "देव काही बोलत नाही. आणि तुम्ही बोलता ते असलं!"

दुसऱ्या दिवसापासून पहिलं ताट माझं झालं. सगळ्यांच्या अर्धा तास आधी.

"छान चालणार नाही," त्यांनी बजावलं. "बरं आहे, तेही नाही."

"चिंच जास्त झालीय, ताई."

"जास्त म्हणजे किती?"

"घास गिळल्यावरही दात आंबतायत."

"हां. आता कळलं." आणि गुळाचा खडा आमटीत.

मग मी यायचे थांबलेल्या जोगळेकरांना गाठलं. गुपित सांगितलं नाही, फक्त विचारलं, तोंडावर का नाही बोललात?

"अरे भई, बाईमाणसाला कसं सांगायचं? फर्स्टक्लास म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं, आपणही सुटतो."

"ताईंनी बोलावलंय. पण तो शब्द दाराबाहेर ठेवून यायचा."

आले बिचारे. दोन घास खाल्ले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. बराच वेळ विचार करून म्हणाले, "ताई, मीठ बरोबर. हिंग मात्र जरा पुढे पुढे करतोय."

अंबूताईंनी त्यांच्या भातावर दोनदा तूप वाढलं.

महिन्याभरात पुन्हा वीस ताटं झाली.

पुढे मी बातमीदार झालो. कामाची घाई असायची, हातून पटकन लिहिलं जायचं, "सभा उत्साहात पार पडली." आणि डोळ्यांसमोर ती पळी खाली ठेवली जायची. उत्साहात म्हणजे? मग लिहायचो, पुढच्या दोन रांगा रिकाम्या होत्या आणि मागे लोक उभे होते.

माझ्या लिहिण्याचं कुणी कौतुक केलं की मनात त्यातलं निम्मं मी अंबूताईंना देऊन टाकतो.

राजधानी भोपाळला गेली, तेव्हा क्लार्क मंडळी कायमची निघाली. शेवटचं जेवण झालं. जोगळेकर हात धुऊन दारात उभे. काहीतरी नेमकं सांगायला त्यांनी तीनदा तोंड उघडलं.

"ताई, आज..."

मग चपलांत पाय सरकवले.

"फर्स्टक्लास," एवढंच म्हणाले.

तेवढ्या एका वेळी अंबूताईंनी हटकलं नाही. "सांभाळून जा," म्हणाल्या आणि आत वळल्या.

आज इंदुरातल्याच विजय नगरच्या फ्लॅटमध्ये माझ्या नातीने मी सांगितलं तशी आमटी केली. तिच्या तोंडी दिवसभर 'लिटरली' आणि 'नेक्स्ट लेव्हल'. एरवी मी वैतागतो. आज ती चमचा घेऊन समोर उभी.

"आबा, नेक्स्ट लेव्हल ना?"

"मीठ कमी आहे. फोडणी उत्तम जमलीय, मोहरी करपली नाही. गूळ चिमूटभर जास्त."

तिचं तोंड पडलं. मग गेली, मीठ घालून आली. "अब बोलो."

पुन्हा चाखून सांगितलं.

अंबूताई, आज पहिलं ताट माझंच होतं. नीट सांगितलं.

तुम्हाला नमस्कार.