पिंडाशेजारी ठेवलेला फोन

"नवऱ्याच्या फोनचा पिन बायकोला माहीत नाही? कमालच आहे बाई."

आत्या, म्हणजे माझ्या आतेसासूबाई, आपण हळू बोलतोय अशा समजुतीत होत्या. मी दोनच पायऱ्या खाली बसले होते. रामकुंडाजवळ, सकाळी साडेदहाच्या उन्हात, अनिकेतच्या दशक्रियेला.

आधी एक सांगते. आत्मा, संकेत, यातलं काही मी कधीच मानलं नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, 'दशक्रिया' हा शब्दसुद्धा मला त्याच आठवड्यात नीट कळला. लिहिताना चुकलं तर समजून घ्या. पण जे झालं ते तिथल्या वीसेक माणसांनी बघितलंय...

अनिकेत चौतीस वर्षांचा होता. गंगापूर रोडच्या आमच्या फ्लॅटमध्ये, ऑफिसला निघताना, बूट घालता घालता गेला. हार्ट अटॅक. आमची स्वरा तेव्हा चौदा महिन्यांची होती. तिचे सगळे व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये — पहिलं रांगणं, पहिला वरण-भात. मी कॅमेऱ्यापासून लांबच राहायचे, काढायचा तोच. त्यामुळे व्हिडिओत तो दिसत नाही, फक्त त्याचा आवाज आहे. "स्वरू, इकडे बघ, बाबाकडे..." मुलीसाठी त्याचा आवाज म्हणून एवढंच उरलं होतं. बॅकअप कुठेच नव्हता.

आणि फोन लॉक. सहा आकडी पिन. दहा वेळा चुकला की सगळा डेटा आपोआप पुसला जाईल, असं सेटिंग त्यानेच करून ठेवलेलं.

मी दोनदा चुकले — लग्नाची तारीख, स्वराची जन्मतारीख. मग धाकटा दीर सागर म्हणाला, "वहिनी, दादाला मी ओळखतो," आणि चार वेळा चुकला. लासलगावचे मामा दोनदा. सासूबाईंनी रडत रडत स्वतःची जन्मतारीख घातली, जी त्यांना स्वतःलाच नक्की माहीत नाही. त्याला आपणच सगळ्यात जास्त ओळखतो, असं प्रत्येकाला वाटत होतं. नऊ संधी अशा संपल्या. मग मी फोन काढून घेतला. रोज चार्ज करायचे, पर्समध्ये ठेवायचे, आणि कुणाला हात लावू द्यायचे नाही.

तर रामकुंडावर... पिंड मांडले होते. कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही असं समजतात. आमचा कावळा कठड्यावर बसून नुसता बघत होता. जवळ अनिकेतची आवडती मिसळ ठेवली, चहा ठेवला. सासऱ्यांनी वचन दिलं, "सूनबाईला अंतर देणार नाही." सागरने दिलं, सासूबाईंनी दिलं. तास होत आला. खरा कावळा शिवत नाही म्हणून गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले.

तेवढ्यात मामा म्हणाले, "आरं त्याचा जीव लय फोनमधी. ठेवा की तो बी हितं!"

"मामा, नको," मी म्हटलं. पण माझं 'नको' कुणाला ऐकू जात नाही, हे मला लहानपणापासून माहीत आहे. सासूबाईंनीच माझ्या पर्समधून फोन काढून दिला. मामांनी पिंडाशेजारी ठेवला. वर स्क्रीनवर त्याचा फोटो दिसावा म्हणून बटण दाबलं, बोट फिरवलं — आणि आकड्यांचा पॅड समोर आला.

कावळा खाली उतरला. पिंडाकडे गेला नाही. फोनपाशी गेला.

त्याने स्क्रीनवर चोच मारली.

मी ओरडले. एकच संधी उरली होती! उठायला गेले तर पाय साडीत अडकला. टक... टक... मी मोजत होते, दुसरं काही करताच येत नव्हतं. सहा. कावळा परत कठड्यावर जाऊन बसला, आणि फोन उघडला होता.

मी फोन उचलला, स्क्रीन विझू नये म्हणून अंगठा ठेवून राहिले.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. व्हिडिओ मी तिथेच पायरीवर बसून माझ्या फोनवर घेतले, एकशे बारा. नंतर त्याचा फोन पुन्हा लॉक झाला. पिन मला आजही माहीत नाही. घरी मी माझ्या फोनवर पेन्सिल टोचून बघितली, कडक नखाने टोचून बघितलं, काही होत नाही. सागर म्हणतो चोच ओली असेल. असेल. पण सहाच्या सहा आकडे, बरोबर क्रमाने? याचं उत्तर माझ्याकडे नाही, त्याच्याकडेही नाही.

पण फोन उघडला तेव्हा उत्तर कुणालाच नको होतं. "वहिनी, आधी व्हॉट्सॲप उघड!" सागर हात पुढे करून म्हणाला. मामा म्हणाले, "शेवटचा मेसेज कुणाला हाय बघा." आत्या उठून माझ्या खांद्यावरून डोकावायला लागल्या, "काय लपवलं होतं एवढं, कळू तरी दे!"

कठड्यावरचा कावळा हलला नाही. पिंड तसेच.

गुरुजींनी हातातला दर्भ खाली ठेवला. "सगळे बोलले," ते माझ्याकडे बघून म्हणाले. "ताई, तुम्ही अजून काहीच बोलला नाहीत."

खरंच बोलले नव्हते. दहा दिवसांत कुणी विचारलंही नव्हतं. मी फोन पदराखाली छातीशी धरला. सासरच्या माणसांसमोर मी त्याला कधी नावाने हाक मारली नव्हती. आवाज एवढा मोठा निघाला की पलीकडच्या दशक्रियेतली माणसंही वळली. आणि माझं बोलणं संपायच्या आत कावळा उतरला, सरळ पिंडाला शिवला.

मी एवढंच म्हणाले होते —

"अनिकेत, मी फक्त स्वराचे व्हिडिओ घेईन. बाकीचं तुझं आहे. मी वाचणार नाही, आणि यांच्यापैकी कुणाला वाचू देणार नाही."