एडिनबऱ्यातलं माझं काम

दगडांचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. हा दगड अमक्या राजाने बसवला, तो तमक्या राणीने बघितला. मग मी काय करू?

बायकोची एडिनबऱ्यात तीन दिवसांची कॉन्फरन्स होती. ती इंग्लंडात रीडिंग गावी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आणि मी तिच्या व्हिसावर आलेला नवरा. पुण्यातली बँकेची नोकरी सोडून आठ महिने झाले होते, अर्ज करून करून जीव मेटाकुटीला आला होता. "चल ना, तू फिर मस्त, एवढं जुनं शहर आहे," ती म्हणाली. फिर म्हणे! बिनकामाच्या माणसाला फिरायला पाठवणं म्हणजे नुसती शिक्षा.

हॉटेलच्या रिसेप्शनवरची मुलगी पहिल्याच सकाळी हसून म्हणाली, "तुम्हीही डॉक्टर का?" मी "नाही" म्हणालो आणि दिवसभर चरफडत हिंडलो. संध्याकाळी बायको खोलीत दुसऱ्या दिवशीच्या भाषणाची तयारी करत बसली. एवढ्या लोकांपुढे ती पहिल्यांदाच बोलणार होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला, एवढीच काय ती माझी मदत.

दुसऱ्या दिवशी किल्ला. भाषण आटोपून चारला ती तिथेच येणार होती. चढ संपता संपेना, पायाखाली खडबडीत फरशी, वाऱ्याने छत्री दोनदा उलटी झाली. तिसऱ्यांदा झाली तेव्हा मीच ती कचऱ्याच्या डब्यात कोंबली.

वर तोफेपाशी मराठी कानावर आलं. "अहो, टोपी घाला आधी!" लंडनच्या हॅरो भागातले कुणी साठीतले काका-काकू होते. काकूंनी लगेच चिवड्याचा डबा पुढे केला. काकांनी विचारलं, "इकडे कसे काय?"

"कामासाठी आलोय," मी म्हणालो. "बँकेची कॉन्फरन्स आहे. आज लवकर सुटलो. मिसेस आल्यात सोबत, म्हटलं तेवढंच त्यांचं फिरणं होईल."

किती सहज बोललो मी! आजही आठवलं की स्वतःच्या मुस्काटात द्यावीशी वाटते. पण तेव्हा काकांनी पाठीवर थाप मारली, काकू म्हणाल्या, "नशीबवान आहेत हो मिसेस," आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा मला बरं वाटलं.

तेवढ्यात ती आली. गाल लाल झालेले, गळ्यात कॉन्फरन्सचा बॅज, धावतच आली म्हणा ना. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, पण काकूंनीच आधी गाठलं. "या, या! हे दिवसभर मीटिंगला, तुम्हाला कंटाळा येत असेल नाही?"

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग बॅज काढून पर्समध्ये टाकला.

"छे हो," ती म्हणाली. "यांचं काम चालतं, मी आपली फिरते."

घरी मला अरे-तुरे करणारी बाई! काका-काकू हॅरोला जेवायला यायचं निमंत्रण देऊन गेले आणि मी उतारावर तिच्यावरच भडकलो. "कशाला सांभाळून घेतलंस मला? खरं सांगायचं होतंस तोंडावर! उपकार करतेस का माझ्यावर?" येणारे-जाणारे वळून बघत होते. बघेनात का! तिच्यावर, त्या किल्ल्यावर, रिसेप्शनवरच्या मुलीवर, सगळ्यांवर मी तोंडसुख घेतलं.

ती उतार उतरत राहिली. खाली रस्त्याला लागल्यावर थांबली.

"माझं भाषण झालं आज," ती म्हणाली. "कसं झालं, ते काकूंनी विचारलं नाही. त्यांना बिचाऱ्यांना माहीतच नव्हतं. तुला माहीत होतं."