हात काढता येत नाही

पाच मिनिटं माउस हलला नाही म्हणून नोकरीवर गदा येणार असेल, तर तो हलवायला घरातल्या कोणाला बसवाल तुम्ही?

हसू नका. परंड्यात आमच्या गल्लीत सरदारबी बसते. तिची लेक फलक पुण्याच्या एका कंपनीचं काम घरूनच करते, प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं. काम तिला जिवापाड आवडतं. "मावशी, दवाखान्याच्या ॲपमध्ये एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दिसत होता, म्या पकडला!" हे मला सांगताना पोरीचा चेहरा बघायचा.

पण त्याच कॉम्प्युटरात पाळत ठेवणारा एक प्रोग्रॅम बसवलाय. हात थांबला की तिकडं साहेबाला फलकच्या नावापुढं 'गैरहजर' दिसतं. अशी नोंद वाढली की नोकरीला धोका. मग पोरगी जेवायला उठली की आई खुर्चीत, माउस फिरवत.

परवा भर दुपारी मी सरदारबीच्या नवऱ्याला, नबीलालभाईंना, नगरपालिकेत न्यायला गेले. नळाला आठवडाभर पाणी नव्हतं, टँकरवर भागत होतं, माझं डोकं आधीच तापलेलं. दारातूनच ओरडले, "चला भाई, आज साहेबाला सोडायचं न्हाय!"

आत बघते तर भाई भिंतीला कलंडलेले. सदरा घामानं चिंब, डोळे फिरलेले, जीभ जड. त्यांना साखरेचा आजार. इन्सुलिन टोचून जेवणाची वाट बघत बसले होते, आणि पुढ्यात ताट नव्हतंच.

"सरदारबी!"

आतल्या खोलीतून आवाज आला, "बसा बाई जरा. फलक न्हातीय. हात काढता येत न्हाय मला."

सकाळपासून मीटिंगा, म्हणून पोरीला अंघोळीला दुपार उजाडलेली.

"आगं हात काढ! माणूस चाललाय तुझा!"

तेव्हा ती धावत आली. उपाशीपोटी इन्सुलिननं रक्तातली साखर पार उतरलेली, म्हणून मी पाण्यात साखर कालवली, चमच्याचमच्यानं पाजली. भाई गिळत होते, एवढंच नशीब. सरदारबी त्यांचे तळवे चोळत रडत होती. "दोनदा हाक मारली जी तुम्ही. म्या 'आती, आती' म्हनत बसले. गप झालात, मला वाटलं रागावलात."

फलक ओल्या केसांनी बाहेर आली आणि तशीच रिक्षात बसली.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, भाई शुद्धीवर आले. बायकोला पहिलं वाक्य, "खाना मिलेगा क्या अब?" हसावं की रडावं कळेना.

तेवढ्यात फलकचा फोन वाजला. पुण्याचा साहेब उत्कर्ष. दुपारभर गैरहजर का, विचारत होता.

सरदारबीनं पोरीचा दंड धरला. "बोल लाइट गई थी. सगळे तेच सांगतात."

फलकनं दंड सोडवून घेतला. "सर, अब्बा दवाखान्यात आहेत. आणि रोज मी जेवायला उठले की माउस माझी अम्मी हलवते. आजही तीच बसली होती, म्हणून अब्बांकडं जाता आलं नाही तिला."

मी कपाळावर हात मारला. पोरीनं स्वतःच कबुली दिली! ही तर कंपनीच्या लेखी फसवणूक.

उत्कर्ष म्हणाला, "फलक, हे तू बोलायला नको होतंस. आता मला वर कळवावं लागेल. सोमवारी वरचे लोक बोलतील तुझ्याशी."

"बोलू द्या. अंघोळीला, जेवायला, नमाजला उठले तर मी गैरहजर नसते, हेच सांगणार आहे. काम वेळेत देते ना मी?"

फोन ठेवल्यावर मात्र ती माझ्याकडं वळली. "काढतील का हो मावशी मला?"

काढतीलही. एकटी आहे ना ती. पण परंड्यात, माकणीत, धाराशिवात अशी घरून काम करणारी किती पोरं-पोरी आहेत, मला ठाऊक आहे. तुमच्याही घरात कोणीतरी माउस धरून बसतंच. सोमवारी सकाळी अकराला फलकची मीटिंग आहे. काझी गल्लीत, मशिदीमागचं निळ्या दाराचं घर. आपापला कॉम्प्युटर घरी तसाच उघडा ठेवून या, लागू दे 'गैरहजर', तिच्या शेजारी बसा, आणि आपापलं नाव सांगून बोला, की माउस आमच्याही घरात असाच हलतो.