ओला साचा

शिसं ओतायचा पितळी साचा मी चिंचेनं घासला, धुतला आणि ओलाच वापरला. एवढी मी स्वच्छ बाई! पन्नाशीत मला शोकेससाठी शिशाचे बैल ओतायचा छंद लागला होता. साच्यातल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तापलेलं शिसं थेट छतापर्यंत उडालं. डोळे वाचले ते नशिबानं. "पुन्हा हे घरात दिसलं तर फेकून देईन," हे खाटेखालून गरजले.

छंद वाचवायचा म्हणून मी नांदेडच्या घाटावर गेले. तिथं एक बाई मासे धरायच्या जाळ्यांसाठी शिशाची वजनं ओतायची. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. लुगड्याचा काष्टा, पायात नवऱ्याचे बूट, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा चष्मा. धूर तोंडावर येऊ नये म्हणून वाऱ्याकडे पाठ करून बसायची. साचा आधी चुलीच्या कडेला चांगला तापवायची. कोपरापर्यंत साबणानं हात धुतल्याशिवाय पानाला शिवायची नाही.

तिच्या शेजारी बसून, तिचाच चष्मा लावून मी एक बैल ओतला. शिंगांसकट अख्खा निघाला! त्या आनंदात मी तिला घरचा सगळा पराक्रम सांगून टाकला. ती पोट धरून हसली आणि डोळे पुसत म्हणाली,

"ताई, देवाला आंघोळ घाला, लेकरायला घाला, पर साच्याला नगं. आन् शिसं वितळवायला हितं मोकळ्यात येत जा. मालक बिचारे खाटंखाली किती दिस ऱ्हातील?"