अण्णांचा बर्फाचा पिक्चर

नाताळच्या प्रेमकथेवर माझ्या बायकोच्या मामांइतका अढळ विश्वास असलेला माणूस बेंगळुरात तर दुसरा नाहीच, पण जिथे या कथा तयार होतात त्या थंड देशांतही असेल असं मला वाटत नाही. तिथली माणसं म्हणे असला पिक्चर टीव्हीवर चालू ठेवून भेटवस्तूंना रंगीत कागद गुंडाळत बसतात. मामा हाताची घडी घालून बसतात, आणि दुसऱ्या कुणी हात हलवलेला त्यांना खपत नाही. नात्यानं ते आमचे मामा, पण सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही अण्णाच म्हणतो. त्यांचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा स्वारीबरोबर इकडे आले. स्वारी परत गेली, ही मंडळी राहिली. त्यामुळे अण्णांच्या मराठीत कन्नड असं मुरलं आहे की लोणच्यातून मीठ वेगळं काढता येईल, पण अण्णांच्या वाक्यातून 'थोडं'च्या जागी येणारं 'स्वल्प' काढता येणार नाही.

पिक्चर एकच. दर डिसेंबरात लागतो आणि दर डिसेंबरात अण्णा आम्हाला तो बघायला बोलावतात. मोठ्या शहरातली उंच टाचांची एक बाई बर्फाळ गावातली जुनी बेकरी बंद करायला येते. आल्या आल्या एका सुताराला धडकते, हातातली कॉफी त्याच्या स्वेटरवर सांडते, आणि पुढे काय होणार हे त्या कॉफीलासुद्धा कळतं. शेवटी बाई नोकरी सोडून गावातच राहते आणि बर्फ पडतो. बर्फाचा पहिला कण दिसला की अण्णा आमच्या डोक्यावरचा पंखा बंद करतात आणि माकडटोपी चढवतात. एकदा नायक-नायिका ओठांपासून वीतभर अंतरावर असताना वीज गेली. अण्णांनी अंधारात उरलेला पिक्चर तोंडी सांगितला, आणि खरं सांगायचं तर तो टीव्हीवरच्यापेक्षा सरस झाला. सुताराचे संवाद तेवढे त्यांनी वाढवले होते.

अण्णांची हयात यशवंतपूरच्या एका कारखान्यात पंप तपासण्यात गेली. पंप पास नाही तर रिजेक्ट, मधलं काही नाही. निवृत्तीनंतर पंप संपले, तेव्हा ते माणसं तपासू लागले. पिक्चर संपला की ते एकेकाकडे वळून विचारतात, "हं, कसा वाटला?" या प्रश्नावर आमच्यात कधी एकमत झालेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या अक्कांचा आक्षेप स्वयंपाकघरातला.

"अण्णा, ती बाई हातमोजे घालून पीठ मळते. ओव्हन एकदाही पेटलेला दिसत नाही. केक येतो कुठून?"

"अक्का, तुम्ही केक बघायला येता की प्रेम?"

"केक," अक्का म्हणाल्या.

याच अक्का शेवटच्या प्रसंगाला पदर डोळ्यांना लावतात, हे अण्णा दरवेळी सगळ्यांच्या लक्षात आणून देतात. "रडायचं पण, वर नावं पण ठेवायची!" माझ्या बायकोच्या मते सुतार देखणा आहे, पण त्यानं सुतारकाम केलेलं कधी दिसत नाही. मी एकदा, चार पुस्तकं वाचल्याचा तोरा मिरवत, या कथेत संघर्षच नाही असं म्हणालो. अण्णांनी माझ्याकडे गळका पंप बघावा तसं बघितलं.

"जावईबापू, तुमच्या त्या जाड पुस्तकांत शेवटी काय होतं?"

"बहुतेक वेळा कुणीतरी मरतं."

"माणूस मरतो हे मला ठाऊक आहे. त्याला पुस्तक कशाला?"

मामी गेल्या तेव्हा त्यांची मुलगी रेणू शाळेत होती. मी वाद पुढे नेला नाही.

रेणू लग्नाची झाली तेव्हा या पिक्चरला खरी धार आली. इतरांच्या घरी मुलगा बघायला येतो आणि पोहे खातो. अण्णांकडे मुलाला बर्फाचा पिक्चर दाखवत. डिसेंबर नसला तर त्यांच्याकडे त्याची रेकॉर्ड केलेली प्रत होती. एका मुलानं "टाइमपास आहे" म्हटलं. रिजेक्ट. दुसऱ्यानं, बहुधा कुणीतरी पढवल्यामुळे, इतका सुंदर पिक्चर आपण जन्मात पाहिला नाही असं सांगितलं. तोही रिजेक्ट. "इतका काही चांगला नाही तो. खोटं बोलतो पोरगा," अण्णा म्हणाले. घरी परतताना बायको म्हणाली, "अण्णांना मुलगा पास करायचाच नाहीये. रेणू गेली की त्या घरात राहतं कोण?"

मग रेणूनं स्वतःच एक मुलगा आणला. तिच्याच ऑफिसातला, पुण्याचा. त्याची बदली कॅनडात ठरली होती आणि रेणूला त्याच्याबरोबर जायचं होतं. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, अण्णांना सोडून. आधी पिक्चर होऊ दे, मग सांगते, असं तिनं आम्हाला बजावलं होतं. पिक्चर झाला. बर्फ पडला. अण्णा वळले. "हं, कसा वाटला?"

"अ‍ॅक्च्युअली अण्णा, स्टोरी खूपच प्रेडिक्टेबल आहे," मुलगा म्हणाला. रेणूनं डोळे मिटले. "पण तो सुतार चर्चमध्ये गाताना चुकतो ना, तेव्हा सगळे हसतात आणि ती एकटी हसत नाही. ते मला आवडलं."

इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाही ते दिसलं नव्हतं. अण्णांनी स्वतःच्या हातानं प्लम केकचा भला मोठा तुकडा त्याच्या बशीत वाढला, त्यानं तो तोंडात घालेपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाले, "पास! एकच अट. लग्नानंतर रेणू इथंच राहणार. बेंगळूर सोडायचं नाही."

मुलगा गडबडला. केक गिळवेना, बोलवेना. तशाच भरल्या तोंडानं तो म्हणाला, "सॉरी, अण्णा."

अण्णांनी मांडीवर थाप मारली. "सरी! बघा! पुण्याचा असून एका शब्दात सरी म्हणाला!"

सरी म्हणजे कन्नडात 'ठीक, चालेल'. अण्णांसारख्या जुन्या मराठी घरांत होकाराला दुसरा शब्द उरलेलाच नाही. मुलगा हातानं नाही-नाही करत होता, पण अण्णांनी आनेकलच्या धाकट्या भावाला फोनसुद्धा लावला होता. आम्ही सगळे आपापल्या बशीत बघत होतो. शेवटी रेणू उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"अण्णा, तो सरी नाही म्हणाला. सॉरी म्हणाला. त्याला कॅनडाला जायचंय." मग थोडं थांबून, "मलापण."

फोन लागला होता. पलीकडून भाऊ "हलो, हलो" करत होता ते आम्हालाही ऐकू येत होतं. अण्णा बराच वेळ रेणूकडे बघत राहिले. तेवढ्या वेळात त्यांनी काय काय तपासलं ते त्यांनाच माहीत. मग त्यांनी फोन कानाला लावला. "हं, मीच. पोरीचं ठरलं... हो, चांगला आहे. पिक्चर बघता येतो त्याला... नाही रे, लांब. स्वल्प लांब." फोन ठेवून ते मुलाकडे वळले आणि म्हणाले, "सरी."

या वेळी कुणाची ऐकण्यात चूक झाली नाही.

लग्न झालं, दोघं गेली. यंदा डिसेंबरात अण्णांनी नेहमीसारखं बोलावलं आणि आम्ही नेहमीसारखे बसलो. अक्कांनी ओव्हनला नावं ठेवली. बाईनं नोकरी सोडली, ती गावातच राहिली, बर्फ पडला. अण्णा काही आमच्याकडे वळेनात. पडद्यावर नावं सरकून संपली तरी ते तिकडेच बघत होते. मग त्यांनी या पिक्चरमध्ये जन्मात पहिल्यांदा एक खोट काढली.

"हिचं शहरातलं घर मग एकदाही दाखवत नाहीत. तिथं मागे कोण असेल हो?"

अक्कांनी रिकाम्या बशा एकावर एक रचल्या.

"असेल की कुणीतरी, अण्णा," त्या म्हणाल्या. "जेवून घेतलं असेल त्यांनी."

"हं," अण्णा म्हणाले. "घेतलं असेल."