राखेच्या बरणीची नोंद

शहाद्याच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे आमचे पाटील सर प्रथम भेटले तेव्हा त्यांनी माझे गुण विचारले नाहीत. "काच धुता येते का?" एवढेच विचारले. पहिला आठवडा मी काचाच धूत होते. मनातून चिडलेही होते.

हायड्रोजनपासून वीज देणाऱ्या इंधनघटात मधोमध एक पातळ पडदा असतो. प्रोटॉन पलीकडे जाऊ द्यायचे आणि वायू अडवायचा, हे त्याचे काम. आपल्या उन्हाळ्यात तो वाळतो आणि निकामी होतो. सरांनी उसाच्या चिपाडांच्या राखेतून सिलिका काढली आणि ती पडद्यात मिसळली, कारण ती ओल धरते. काचेवर ओतलेला तो पडदा पापडासारखा अलगद सोडवावा लागे. काच का धुवायची, ते तेव्हा कळले.

सारंगखेड्याहून मला बाबांनी एका अटीवर पाठवले होते: प्रबंध यंदाच पुरा करायचा, नाहीतर शिक्षण बंद. घाईत होते. साखर कारखान्यातून आणलेली राख संपली, तेव्हा तिथल्याच दुसऱ्या ढिगातली मी बरणीत भरली. वहीत नोंद केली नाही. त्यानंतरचे सगळे पडदे तडकले आणि वर्षाचे काम पाण्यात गेले. सरांनी बरणी कागदावर उपडी केली. राखेत लाकडाच्या कोळशाचे बारीक तुकडे होते; म्हणजे ती निव्वळ चिपाडांची राख नव्हती. ते पाहून सरांनी राख परत बरणीत भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने आमच्या घरी आले आणि बाबांशी आमच्या अहिराणीत बोलले.

"दादा, पोरनी काही चूक नही. चूक मन्ही शे. आखो एक वरीस द्या."

बाबा तापट. "मास्तर, चुकनात तुम्ही, आनी वरीस गयं मन्ही पोरनं?"

सर मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी बाबा हो म्हणाले.

सरांना सोडायला मी स्टँडवर गेले. "सर, ती राख मीच..."

"माले ठाऊक शे," सर म्हणाले. "आते नवी राख लई ये. नोंद कर."

पुढच्या वर्षी पडदे टिकले, प्रबंध झाला. आज मी त्याच प्रयोगशाळेत शिकवते आणि नव्या मुलींना आधी काच धुवायला लावते.

सरांनी साठी ओलांडली आहे. त्यांची प्रकृती ठणठणीत राहो आणि आमच्या वह्या त्यांनी अशाच आणखी पुष्कळ वर्षे तपासाव्यात, एवढेच मागणे आहे. बाबा अजून चारचौघांत सांगतात, "मास्तर भला मानूस, पन एकदाव चुकना." सरांच्या साठीनिमित्त निघणारा हा गौरवग्रंथ हाती आला की हे पान मी बाबांना वाचून दाखवणार आहे.